थंडीची फेरी

"हळू! हळू टोचा! माझं अंगण आहे ते, तुमच्या साहेबांची पाठ नाही!" नाहीकाका पायरीवरून ओरडले.

सुईताईंनी मान वर केली नाही. गुडघ्यांखाली गोणपाटाची घडी, दोन्ही हातांत पोकळ पोलादी सळईची आडवी मूठ, आणि अंगाचा सगळा भार खांद्यांतून खाली. थंडीने जमीन आखडली होती. सळई वीतभर गेली आणि अडली.

"साहेबांची पाठ परवडली, काका. तुमचं अंगण तुमच्यावर गेलंय. आधी अडतं, मग देतं."

"देत नाही. नाही म्हणजे नाही."

"बरं."

"चहा घेणार का?"

"घेईन."

"मिळणार नाही," असे म्हणून ते आत गेले, आणि पाठोपाठ आधण ठेवल्याचा आवाज आला.

नाहीकाकांची उभी हयात सिमेंटच्या कारखान्यात भट्टीपुढे गेली होती. तिथल्या गोंगाटात साधे बोलणे कुणाला ऐकू जात नसे, म्हणून त्यांना ओरडून बोलायची सवय लागली. प्रत्येक वाक्य 'नाही'ने सुरू करण्याची सवय कुठून लागली, ते मात्र त्यांच्या पत्नीलाही शेवटपर्यंत कळले नव्हते. "नाही, आज थंडी आहे," असे ते म्हणत. वस्तीने त्यांना नाहीकाका म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तेही त्यांनी "नाही, चालेल" म्हणून मान्य केले होते.

सुईताईंचे नावही वस्तीनेच ठेवलेले. पहिल्यांदा त्या सळई खांद्यावर टाकून दारोदार फिरल्या, तेव्हा 'जमिनीला इंजेक्शन द्यायला बाई आली आहे' ही बातमी त्यांच्या पुढे धावत गेली होती. वास्तविक त्या जमिनीला काही देत नव्हत्या. तिच्याकडून घेत होत्या.

कारखान्याच्या चिमणीतून आजवर जो कार्बन डायऑक्साइड वायू आभाळात जात होता, तो चिमणीतच अडवायचा, दाबून दाट करायचा आणि वस्तीच्या कडेला खणलेल्या खोल बोअरमधून खडकांच्या पोटात कायमचा साठवायचा, असा हा प्रकल्प होता. त्यावरचे संशोधन वर्षानुवर्षे चालले होते. गुंतवणूकदार अलीकडे आले होते. सुईताईंचा त्यातला वाटा लहान, पण सर्वांत आधीचा. खाली काही सोडण्यापूर्वी वर काय आहे, ते मोजून ठेवायचे. कारण माती स्वतःही श्वास सोडत असते. मुळे, गांडुळे, कुजणारी पाने या सगळ्यांतून तोच वायू निघतो. एका अंगणात जास्त, शेजारच्या अंगणात कमी, उन्हात वेगळा, पावसात वेगळा. उद्या खालून गळती झालीच, तर वर आलेला वायू खडकातला की मातीचा स्वतःचा, हे ओळखायचे कसे? आधीचा आकडा हाताशी असेल तरच. म्हणून वर्षाच्या चार फेऱ्या ठरल्या होत्या: उन्हाची, पावसाची, पानगळीची आणि थंडीची. प्रत्येक अंगणात ठरलेल्या जागी सळई रोवायची, आतला वायू सुईने ओढून काचेच्या कुपीत भरायचा, रबरी बूच बसवायचे आणि कुपी प्रयोगशाळेत पाठवायची. कुपीत कोंडलेला नमुना पुढे कितीतरी दिवस टिकतो. तपासणी मागाहून झाली तरी बिघडत नाही. या कामाला प्रकल्पात 'शून्य-नोंद' म्हणत.

पहिल्या फेरीत याच शब्दाने घोटाळा केला होता.

"नाही, शून्य?" नाहीकाका तेव्हा फाटकाची कडी धरून गरजले होते. "भट्टीपुढे हाडं भाजून हे घर बांधलं, आणि तुम्ही कागदावर शून्य लिहून नेणार? उद्या म्हणाल, इथे घरच नव्हतं!"

संध्याकाळपर्यंत आख्ख्या वस्तीत पसरले, की ज्यांच्या नावापुढे शून्य पडेल त्यांना उद्या काही बरेवाईट झाले तरी दाद मिळणार नाही. फाटके बंद झाली. कार्यालयातून सूचना आली, की शब्द बदला, 'प्राथमिक पाहणी' म्हणा. सुईताईंना ते पटले नाही. शब्द बरोबर होता, आणि बरोबर शब्द घाबरून बदलला की लोकांना घाबरायला खरे कारण मिळते, असे त्यांचे मत. त्या सरळ नाहीकाकांच्या पायरीवर जाऊन बसल्या.

"काका, दुकानात तराजू रिकामा असताना काटा कुठे उभा आहे, ते बघता की नाही?"

"नाही, बघतोच. न बघायला मी वेडा आहे?"

"ते बघणं म्हणजे शून्य. तुमच्याकडे काही नाही असं नव्हे. मोजायला कुठून सुरुवात करायची, ती जागा. काटा आधीच कलला असेल आणि तुम्ही पाहिलंच नसेल, तर दुकानदार तुम्हाला जन्मभर फसवेल."

नाहीकाकांनी बराच वेळ हनुवटी खाजवली होती. "नाही, म्हणजे हे दुकानदाराच्या विरुद्ध आहे?"

"ज्याला माल मोजून हवाय, त्याच्या बाजूने आहे."

फाटक उघडले होते. आणि आत पाऊल टाकताना सुईताईंनी एक वाक्य उच्चारले होते: "चारही फेऱ्या झाल्याशिवाय खाली फुगाभर वायूसुद्धा जाणार नाही. शब्द देते." मग तेच वाक्य त्यांनी प्रत्येक फाटकावर दिले. प्रकल्पाच्या आराखड्यातही तसेच लिहिले होते, त्यामुळे आपण काही जास्तीचे बोलतो आहोत असे त्यांना वाटले नव्हते.

आज त्या चौथ्या फेरीची पहिली सकाळ होती. सळई अजून अडलेलीच होती, एवढ्यात फाटकापुढे प्रकल्पाची गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, पण आत आला नाही. नजर चुकवायची असली की तो टोपी सारखी करत असे. आता ती सारखी करून करून जवळजवळ डोळ्यांवर आली होती.

"ताई, सामान गाडीत टाका. फेरी बंद."

"कुणी सांगितलं?"

"साहेबांनी. वायू मोजायचा मीटरही परत मागितलाय. शुक्रवारी बोअरची झडप उघडायचीय म्हणतात."

नाहीकाका दोन कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी एकदा ड्रायव्हरकडे, एकदा सुईताईंकडे पाहिले.

"नाही, फुगाभरसुद्धा नाही म्हणाला होतात ना?"

सुईताईंनी सळई उपसली, माती पुसली आणि त्या गाडीत बसल्या. चहा काकांच्या हातातच राहिला.

प्रकल्पाचा व्यवस्थापक हा सुईताईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो इथे स्वतःच्या हुशारीने आला होता; मावशी त्याच्या कितीतरी आधीपासून प्रयोगशाळेत होती. त्यामुळे वशिल्याचा आरोप कुणी करायचाच म्हटले, तर कोणी कुणाचा लावला हा प्रश्न पडला असता.

"बस ना, मावशी," आपल्या कार्यालयात खुर्ची पुढे करत तो म्हणाला.

"उभीच बरी. गुडघ्यांना माती आहे, तुझी खुर्ची मळेल."

"रागावलीस."

"अजून नाही. आधी ऐकते."

भाच्याने खिडकीकडे पाहिले. बाहेर चिमणी होती, आणि तिच्या टोकाशी तो नेहमीचा पांढुरका धूर. "करारात आहे, वर्ष संपायच्या आत पहिला वायू खाली गेला पाहिजे. नाही गेला, तर हे गुंतवणूकदार पैसे दुसरीकडे लावणार. मग इथलं संशोधन बंद, प्रयोगशाळा बंद, सगळ्यांना घरी पाठवायचं. आणि ती बघ, ती मात्र चालूच. तिला थंडी नाही, पाऊस नाही. रोज ओकतेय. तू फेरीसाठी थांब म्हणतेस, ती थांबणार आहे का?"

सुईताईंनी चिमणीकडे पाहिले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. हा वायू खाली जावा, असे त्यांनाही वाटत होते. कदाचित त्याच्याहून आधीपासून.

"आणि थंडीचे आकडे कमीच येणार," तो पुढे म्हणाला. "माती झोपलेली असते. तीन फेऱ्यांवरून हिशेबाने काढता येतात."

"झोपलेली असते म्हणूनच तर. घर शांत असलं की नळ ठिबकतोय ते ऐकू येतं. पुढेमागे गळती दिसायची झाली तर थंडीतच स्वच्छ दिसेल. तेव्हा ताडून बघायला आपल्याकडे काय असेल? तुझा हिशेब?"

हेच वाक्य, नळ तेवढा सोडून, प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यात होते, आणि तो आराखडा त्यानेच लिहिला होता. हे दोघांनाही ठाऊक होते.

"आणखी एक काम आहे," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "शुक्रवारच्या समारंभाला वस्तीतले लोक येतील. ते माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतात. तू स्टेजवर ये आणि एवढंच म्हण, शून्य-नोंद पूर्ण झाली."

"झाली नाही."

"मावशी, एक वाक्य मागतोय मी."

"एकच होतं माझ्याकडे. ते फाटका-फाटकावर देऊन बसले. दुसरं कुठून आणू?"

तो हसला नाही. सुईताईंनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्या-उभ्याच रजेचा अर्ज लिहिला: आजपासून शुक्रवारपर्यंत.

"कारण?" त्याने विचारले.

"लिहिलंय. थंडीची फेरी."

"रजेच्या कारणात प्रकल्पाचं काम कुणी लिहितं का?"

"कंबर दुखते असं लिहू? दुखते, पण त्यासाठी मी कधी रजा घेतली नाही."

त्याने अर्ज वाचला, मावशीच्या गुडघ्यांवरची माती पाहिली आणि पुन्हा अर्ज वाचला. "गाडी मिळणार नाही. मीटरही नाही."

"सळई माझी आहे. तुझ्या मुंजीच्या वयाआधीपासूनची," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

जिन्याखाली प्रयोगशाळेतली रसायनवाली त्यांची वाट पाहत उभी होती. तिच्या हातात रिकाम्या कुप्यांचे खोके होते. "घेऊन जा, सुईताई. मी 'फुटल्या' म्हणून लिहिते."

"फुटल्यात का?"

"नाही हो, पण..."

"मग 'सुईताईंनी नेल्या' असं लिही. अक्षर चांगलं काढ."

संध्याकाळी धाकटी बहीण आली. चपला काढता काढताच तिने सुरुवात केली.

"तू माझ्या पोराला तोंडघशी पाडणार आहेस म्हणे."

सुईताईंनी मटारची परात तिच्याकडे सरकवली. "सोल."

"ताई, मी काय विचारतेय?"

"मी काय सांगतेय? बोलता बोलता सोल."

धाकटीने शेंगा सोलायला घेतल्या, पण अशा की प्रत्येक शेंग जणू ताईचीच मान. "लहानपणी ताप आला की माझ्याकडे यायचा नाही तो. तुझ्या मांडीवर झोपायचा. आणि आता तू त्याच्याच ताटात माती कालवतेस."

"परका असता ना, तर मी आज रजा घेऊन खरंच झोपले असते. हे बघ, उद्या कुणाच्या अंगणात काही निघालं, तर लोक कुणाच्या दारात जातील? पैसेवाल्यांच्या? ते तेव्हा चौथ्याच देशात असतील. लोक येतील तुझ्या पोराच्या दारात. त्या दिवशी त्याच्या हातात दाखवायला काहीतरी नको का?"

"ते उद्याचं. आज त्याची नोकरी गेली तर?"

"माझीही जाईल. दोघं मिळून तुझे मटार सोलू."

धाकटीला हसू आले, आणि हसू आले याचाच इतका राग आला, की तिने हातातली शेंग ताईच्या अंगावर फेकली. मग तिचे डोळे भरले. "तू अशीच गं. आईने सांगितलं होतं, हिच्याशी वाद घालू नकोस, ही ऐकून घेते आणि आपलंच करते." ती न जेवता गेली. परातीतले दाणे मात्र सगळे सोललेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईताई खांद्यावर सळई आणि हातात खोके घेऊन नाहीकाकांच्या फाटकाशी पोहोचल्या. प्रत्येक फेरी त्यांच्या घरापासून सुरू व्हायची, कारण बोअरच्या सगळ्यांत जवळचे घर त्यांचे. काही वर यायचे झाले तर ते पहिल्यांदा तिथे येईल.

नाहीकाका फाटकाला पाठ लावून उभे होते.

"नाही. आज माझं नाही."

"काका, आता खेळ नको. वेळ थोडा आहे."

"वेळ थोडा आहे म्हणूनच सांगतो. आधी बाकीच्यांचं घ्या. माझं एकदा झालं, की तुम्हाला वाटेल मुख्य काम झालं, आणि कंबर धरून घरी जाल. माझं राहिलं असेल तर परत यावंच लागेल."

"असं नसतं काम."

"नाही, ऐका. मला नोंद नसली तरी तोंड आहे. भट्टीवरचं तोंड आहे, तुमच्या मोठ्या साहेबांनासुद्धा ऐकू जाईल. ती शेजारची शिवणवाली, तिला कुणी 'तुमचीच माती तशी' म्हटलं तर ती 'हो का' म्हणून आत जाईल. तिला नोंद पाहिजे. शेवटी माझं."

सुईताई वाद घालण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण हे बोलणे त्यांना वाद वाटलेच नाही. त्या पलीकडच्या टोकाच्या ओळीकडे वळल्या. ही आपली चूक होती, हे त्यांना नंतर कळले. त्या क्षणी ती चूक त्यांना माणुसकीसारखी दिसली.

गाडी नसल्याने सारे चालत. थंडीत दगड झालेल्या जमिनीत सळई रोवायला नेहमीच्या दुप्पट जोर लागे. लोक विचारत, "आज गाडी नाही?" सुईताई सांगत, "ऑफिसने फेरी बंद केलीय. मी केलेली नाही." याहून जास्त त्या काही बोलत नसत, आणि याहून कमीही नाही. काही जण लगेच फाटक उघडत. काही जण विचारात पडत. एका घरातल्या गृहस्थांनी तर दाराच्या फटीतून सांगितले, "ऑफिसातून फोन आला होता. तुम्हाला आत घेऊ नका म्हणाले."

"नाही, ऑफिस इथे राहतं का?" मागून आवाज फुटला. नाहीकाका काठी टेकत येऊन उभे होते. "तुमच्या अंगणात टोमॅटो कोण लावतं, तुम्ही की ऑफिस? मग उघडा!"

"काका, तुम्ही तर या प्रकल्पाच्या विरोधात आहात ना?" फटीतून प्रश्न आला.

"आहेच! म्हणून तर मोजून घेतोय!"

दार उघडले. त्या दिवसापासून नाहीकाका पुढे आणि सुईताई मागे, अशीच फेरी चालली. तो माणूस फाटकावर ओरडायचा, ही बाई गुडघे टेकायची. खोक्यातल्या रिकाम्या कुप्या कमी होत गेल्या, भरलेल्या वाढत गेल्या. हातांना फोड आले, फुटले, आणि त्यावर सुईताईंनी जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळली. शुक्रवारी सकाळी दोनच घरे उरली: शिवणवालीचे आणि नाहीकाकांचे.

शिवणवालीच्या अंगणातून बोअर दिसत होता. तिथे मांडव पडला होता, खुर्च्या लागत होत्या, ध्वनिक्षेपक खरखरत होता. सुईताई कुपी भरत असताना भाचा कुंपणापाशी आला. अंगात नवा कोट होता.

"मावशी, पाहुणे आले."

"चहा दे त्यांना."

"किती राहिलं?"

"हे, आणि काकांचं."

"झडप उघडायचा भोंगा मी पुढे ढकलू शकत नाही. सगळं मिनिटाला बांधलेलं आहे."

"मागितलं का मी?"

तो फाटक ढकलून आत आला. वाफ्यातल्या ओल्या मातीत त्याचा चकचकीत बूट रुतला, तो त्याने पाहिलाही नाही. "मग स्टेजवर येऊ नकोस. तू आजारी आहेस असं सांगतो."

"मी ठणठणीत आहे. तू बोलावलंयस, मी येणार."

"येऊन काय बोलशील?"

"जे आहे ते. कुठली घरं झाली, कुठली राहिली. राहिलेल्यांना उद्या कुणी म्हणालं, 'तुमच्या मातीत हे आधीपासूनच होतं,' तर त्यांनी एकच शब्द विचारायचा: कशावरून? तेवढं सांगून उतरेन खाली."

"आणि ते ऐकून पाहुणे उठून गेले तर?"

सुईताईंनी आधी कुपीला बूच बसवले, ते अंगठ्याने दाबून पाहिले, आणि मगच मान वर केली. "गेले तर जाऊ देत. आणि ऐकूनही बसले, तर त्यांचा पैसा घेण्यासारखा आहे."

भाच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले, पण तेवढ्यात मांडवातून कुणीतरी त्याला हाक मारली. तो वळला आणि गेला. बुटाची माती त्याने पुसली नाही.

नाहीकाकांच्या अंगणात ठरलेली जागा भिंतीच्या सावलीत होती, आणि सावलीतली जमीन सर्वांत कडक. सुईताईंनी सगळे वजन टाकले. सळई अडली, करकरली, पुन्हा अडली. नाहीकाकांनी काठी टाकली आणि मुठीवर आपलेही हात ठेवले. दोन म्हातारी माणसे एका सळईवर ओणवली. ती अखेर खाली सरकली. सुईताईंनी घाईघाईने सुई जोडली आणि सिरिंजचा दट्ट्या ओढायला घेतला.

भोंगा वाजला.

लांब, एकसुरी, छाती भरून. मांडवातून टाळ्या ऐकू आल्या. पाठोपाठ जमिनीतून तळपायांना जाणवेल अशी एक बारीक थरथर सुरू झाली. वायू खाली ढकलणारा कॉम्प्रेसर चालू झाला होता.

दट्ट्या अर्धा ओढलेला होता. सुईताईंनी सुई सळईवरून काढली आणि तो सावकाश आत ढकलला. ओढलेला वायू हवेत सुटला.

"हे काय करता?" नाहीकाका किंचाळले. "भरा की!"

"भोंगा झाला, काका."

"नाही, झाला तर झाला! तो वायू पाताळात चाललाय. वर यायचाच झाला तरी वर्षं लागतील, तुम्हीच सांगितलंत! आत्ता इथे आहे ते कालचंच आहे!"

"असेल."

"मग?"

"मग उद्याही तेच म्हणता येईल, कालचंच आहे. आणि परवाही. भाच्याशी मी कशासाठी भांडले मग? त्याचंही म्हणणं हेच होतं, काही फरक पडत नाही."

"इथे बघतंय कोण?"

"तुम्ही बघताय," सुईताई म्हणाल्या. "आणि तुम्ही त्यांच्या विरोधातले."

त्यांनी सळई उपसली, आणि नाहीकाकांनी जमिनीतल्या त्या बोटभर भोकाकडे पाहिले.

"म्हणजे माझंच राहिलं."

"तुमचंच राहिलं. पहिलं घ्यायला हवं होतं. मी तुमचं ऐकलं, ती चूक माझी." त्यांनी कुपीवरच्या चिठ्ठीवर घराची खूण लिहिली, खाली 'घेतली नाही' असे लिहिले आणि ती कुपी रिकामीच इतरांच्या ओळीत ठेवली. मग टाचेने भोक बुजवले, माती सारखी केली, खोके काकांच्या हाती दिले. "हे रसायनवालीला नेऊन द्या. तिच्याच हातात. मी मांडवात जाऊन येते."

"नाही, पदर तरी झटका. मातीने भरलाय."

"राहू दे."

मांडव भरला होता. पुढे पाहुणे, मागे वस्ती. सूत्रसंचालक ज्या उत्साहाने बोलत होता, त्यावरून त्याला कुणी काही सांगितलेले नव्हते हे उघड होते. "आणि आता, वर्षभर आपल्या सर्वांच्या अंगणात येऊन शून्य-नोंदीचं काम पूर्ण करणाऱ्या आपल्या सुईताई दोन शब्द बोलतील!"

मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. त्या मनापासूनच्या होत्या, आणि म्हणून ऐकायला अवघड. सुईताई पायऱ्या चढल्या. गुडघ्यांवर माती, तळहातांना चिंध्या. पाहुण्यांपैकी एकाने शेजाऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी विचारले. स्टेजवर भाचा मधल्या खुर्चीत बसला होता. त्याने मावशीकडे पाहिले नाही. तो समोरच्या टेबलाकडे पाहत होता.

ध्वनिक्षेपक उंच माणसांसाठी लावलेला होता. सुईताई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शून्य-नोंद पूर्ण झालेली नाही."

त्यांचा आवाज वरच्या ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचलाच नाही. पुढच्या एकदोघांनाच कळले, आणि त्यांना वाटले आपण चुकीचे ऐकले. मागून आवाज उठला, "ऐकू येत नाही! मोठ्याने!"

भाचा खुर्चीवरून उठला. सूत्रसंचालक चटकन बाजूला झाला. साहेब आता बाईंना हाताला धरून खाली नेणार, असे त्याला वाटले असावे. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनाही तसेच वाटले. भाचा मावशीच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने ध्वनिक्षेपकाच्या दांड्याचा स्क्रू सैल केला, दांडा हळूहळू खाली घेतला, मावशीच्या तोंडाच्या उंचीला आणून थांबवला, स्क्रू घट्ट आवळला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

सुईताईंनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.